बॅटरीपायी दोनदा पुढे गेलेला साखरपुडा

दोहा, कतार
शुक्रवार, १ नोव्हेंबर २०१९

तीर्थरूपासमान बाजीरावआण्णा यांना केरबाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

(माझी मुक्ता आपली बहीण, म्हणजे नात्यानं बघितलं तर मान जावयाचा, माझा, पण आपण वयानं बारा वर्षांनी मोठे आणि सध्या रागावलेले, म्हणून नमस्कार मीच आधी घालतो.) आपला डावा गुडघा आता कसा आहे? मागच्या खेपेला पाठवलेलं मलम लावता का, की ते अजून कपाटात मुक्ताबाईच्या बांगड्यांशेजारी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? म्हैस व्याली का? माझ्या तब्येतीबद्दल फोनवर सांगायला लागलो की आपण ‘तब्येत राहू द्या, केरबाराव, कधी येताय तेवढं सांगा’ म्हणून फोन ठेवता. त्यामुळे ते इथे लिहून टाकतो. तब्येत उत्तम आहे. वजन दोन किलोनं वाढलं, ते आमच्या खोलीवरच्या मुनाफच्या हातच्या बिर्याणीमुळे. उन्हाळा संपला, आता दुपारी बाहेर लोखंडाला हात लावला तर कातडी लोखंडाला राहत नाही, एवढी थंडी पडली आहे.

पत्र लिहितोय याचं आपल्याला नवल वाटेल. हल्ली पत्र कोण लिहितो? पण दसऱ्याचा माझ्या बबीताचा साखरपुडा मी आलो नाही म्हणून पुढे गेला, तो पाडव्याला ठरला, पाडव्यालाही मी आलो नाही, आणि दोन्ही वेळा आपण फोनवर माझं अर्धं वाक्य ऐकून ‘कळलं’ म्हणालात. आण्णा, आपल्याला काही कळलेलं नाही. यात आपला दोष नाही. मी पहिल्या वाक्यात ‘साहेबांच्या सिगरेटच्या मशीनची बॅटरी’ असं म्हणालो की कुठल्याही शहाण्या माणसानं फोन ठेवलाच असता. निपाणीचे पाहुणे ‘मुलीचा बाप खरंच कतारला आहे की नुसतं सांगतात’ असं विचारतात हे मुक्तानं मला सांगितलं. तेव्हा सगळं पहिल्यापासून लिहून मुनाफच्या हाती देतोय. तो मिरजेला घरी चाललाय, तिथून मुद्दाम गडहिंग्लजला येईल. कागदाचा फोन ठेवता येत नाही.

तर आमचे सेफ्टी मॅनेजर प्रतापसाहेब. पुण्याचे, कोथरूडचे, पन्नाशीचे. इथे ओल्ड एअरपोर्ट भागात फ्लॅट, बायको नीतावहिनी, एक मुलगी तिकडे पुण्यात कॉलेजात. स्टेडियमच्या आमच्या भागातल्या सहाशे माणसांना सकाळी गोळा करून भाषण द्यायचं, कुणाची हेल्मेटची पट्टी सैल आहे ते बघायचं, आणि रजेच्या अर्जावर सही करायची (ती त्यांच्याकडे का, हे मला अकरा वर्षांत कळलं नाही, पण आहे खरी) ही त्यांची कामं. माणूस वाईट नाही. इंग्रजी बोलतात, अडलं तर हिंदी. मराठी आहेत हे मला दीड वर्षानं कळलं, तेही बोटावर पान्हा पडला तेव्हा त्यांच्या तोंडून जे निघालं त्यावरून. सकाळच्या भाषणाचा शेवट ठरलेला असतो. ‘जो प्रोटेक्शन बायपास करेगा, वो घर नहीं जाएगा.’ म्हणजे फ्यूज उडतो म्हणून तिथे जाड तार घालू नका, ब्रेकर पडतो म्हणून त्याला काडी लावून उचलून धरू नका, नाहीतर जीव जाईल. आम्ही सहाशे जण एका आवाजात ‘यस सर’ म्हणतो आणि नाश्त्याला जातो.

या साहेबांना सिगरेटचं व्यसन होतं. दिवसाला दोन पाकिटं. गेल्या वर्षी छातीत दुखलं, डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, नीतावहिनी तिथेच रडल्या आणि साहेबांनी सिगरेट सोडली. सोडली म्हणजे तिच्याऐवजी ते यंत्र धरलं. आण्णा, आपण बघितलं नसेल. काड्यापेटीच्या चारपट मोठी लोखंडी डबी असते, तिला बारीक पडदा, एक मोठं बटण, आकडे वरखाली करायला दोन बारकी, आणि वर काचेची कुपी. कुपीत औषधासारखं पाणी. बटण दाबलं की आतली तार तापते, पाण्याची वाफ होते आणि ती ओढायची. निकोटीन असतंच, म्हणजे व्यसन तेच, फक्त वास आंब्याचा. ही गोष्ट इथे विकायला बंदी आहे, आणायलाही बंदी आहे (आणि आपल्याकडेही दीड महिन्यापूर्वी बंदी आली असं बातम्यांत ऐकलं), पण साहेबांच्या कुणा भाच्यानं लंडनहून बॅगेतून आणून दिली होती. सगळ्या साइटला कायदा शिकवणारा माणूस स्वतः कंटेनरच्या केबिनमागे जनरेटरच्या आडोशाला उभा राहून आंब्याचा धूर सोडायचा. सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलायचं नाही. कारण ते यंत्र चालू असताना साहेबांसारखा देवमाणूस नव्हता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात यंत्र बिघडलं. आम्हाला आधी कारण कळलं नाही, फक्त परिणाम कळले. सकाळचं भाषण दहा मिनिटांवरून चाळीस मिनिटांवर गेलं. बुटाची नाडी डावीकडून बांधली म्हणून एका नेपाळी सुताराला घरी पाठवलं. गेटवरच्या पाटीवर वर्ल्ड कपला अकराशे सत्तर दिवस बाकी दिसत होते, पण साहेब उद्याच सामना असल्यासारखे ओरडत होते. आणि चौथ्या दिवशी नोटीस लागली, की स्टेडियमचं काम पुरं करून सोपवून होईपर्यंत कुणाचीही रजा मंजूर होणार नाही. माझा दसऱ्याचा अर्ज तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात होता. सोबत आणखी एकवीस जणांचे. मुनाफचासुद्धा.

मग सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, “केरबा, बस रे. तू इलेक्ट्रिशियन आहेस ना?” मराठीत. आण्णा, मी तेव्हाच ओळखलं की काम खाजगी आहे. त्यांनी खिशातून ती डबी काढून रुमालावर ठेवली, एखाद्या आजारी पाखरासारखी. बटण दाबून दाखवलं. पडद्यावर आलं ‘वीक बॅटरी’. “रात्रभर चार्ज केलीय,” साहेब म्हणाले, “पडद्यावर पूर्ण दाखवते. पण दाबलं की हे.” त्यांचा आवाज असा होता की मला वाटलं, आता मी एक्स-रे बघून काय ते सांगावं.

बाहेर आलो तर एकवीस जण केबिनच्या सावलीत उभे. आत काय झालं ते कुणी विचारलं नाही. फक्त मुनाफ म्हणाला, “भाई, तुझ्या हातात आहे सगळं.” अकरा वर्षांत मी अकरा हजार व्होल्टच्या पॅनलसमोर इतका घाबरलो नव्हतो.

पहिला दिवस बटण शिकण्यात गेला. पाचदा दाबलं की यंत्र चालू होतं. पाचदा दाबलं की बंद होतं. तीनदा दाबलं की मेनू उघडतो. चारदा दाबलं तर काय होतं ते पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नाही, आणि साहेब घाईत नेहमी चारदाच दाबायचे. पुस्तिका काड्यापेटीएवढी आणि अक्षरं मुंगीएवढी. मेनूत वॅट किती, तारेचा रोध किती, बॅटरीची क्षमता किती आणि बॅटरी कुठल्या व्होल्टला बंद पाडायची, असं सगळं ठरवता येतं. साहेबांनी मागच्या वर्षभरात एकाही गोष्टीला हात लावला नव्हता. फक्त वॅट तेवढे वाढवत वाढवत ऐंशीपर्यंत नेले होते. (दोन सिगरेटची तलफ एका झुरक्यात भागवायची म्हणून. हे त्यांनी मला तिसऱ्या दिवशी कबूल केलं.)

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं. आत दोन सेल, आपल्या हाताच्या अंगठ्याएवढे, मोठ्या टॉर्चमध्ये असतात तसले. स्प्रिंगा आणि टोकं खोडरबरानं घासली, स्पिरिटनं पुसली. यंत्र चाललं. साहेबांनी दोन झुरके घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले, “शुक्रन, केरबा, शुक्रन.” मी बाहेर येऊन एकवीस जणांना अंगठा दाखवला. पाऊण तासानं केबिनमधून खुर्ची आपटल्याचा आवाज आला.

मग मी मीटर लावला. आण्णा, आपण डेपोत तीस वर्षं एसटीच्या बॅटऱ्या बघितल्यात म्हणून आपल्याला हे लगेच कळेल, साहेबांना कळायला चार दिवस लागले. गाडी उभी असते, दिवे लागतात, हॉर्न वाजतो, बॅटरी ठणठणीत वाटते. पण स्टार्टर मारला की घर्र करून बसते. इथे तेच. नुसते ठेवले तर दोन्ही सेल चार व्होल्टच्या वर. बटण दाबून भार दिला की एक साडेतीनला टिकतो आणि दुसरा धाडकन तीनच्या खाली. तो दुसरा थकला होता. उन्हाळाभर साहेबांनी यंत्र गाडीच्या कप्प्यात ठेवलं, आणि इथल्या उन्हात बंद गाडीत अंडं उकडतं. शिवाय त्या सेलच्या वरचं प्लॅस्टिकचं वेष्टण टोकापाशी फाटलं होतं, आतलं लोखंड दिसत होतं. मी सरळ सांगितलं. साहेब, हे दोन्ही सेल टाकून द्या. एका दमाचे, एका वयाचे, चांगल्या ताकदीचे दोन नवे आणा. तोवर वॅट पंचवीसवर ठेवा, म्हणजे बॅटरी धापा टाकणार नाही. मी वॅट कमी करून दिले. यंत्र चाललं. पण धूर उदबत्तीएवढा निघाला. साहेबांनी तो बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण निपाणीकरांनी पाठवलेल्या त्या पातळाकडे बघितलं होतंत म्हणे.

त्यांनी दुसऱ्या दिवशी नवा सेल आणला. एक. ‘एकच खराब आहे ना, मग दोन कशाला’ हा पुणेरी हिशेब. मी म्हणालो, साहेब, नवा आणि जुना जुंपले की जुन्यावर ताण येतो, नवाही लवकर मरतो. त्यांनी ऐकलं नाही. यंत्रानंच ऐकलं. पडद्यावर आलं ‘चेक बॅटरी’, आणि मग काही केल्या चालेना. या सगळ्यात दसरा येऊन गेला. आपल्या दारात मांडव होता, निपाणीचे अकरा लोक आले होते, आणि मी केबिनमध्ये खोडरबर घेऊन बसलो होतो. ही खरी गोष्ट आहे, आण्णा. त्या दिवशी आपण मला फोनवर जे बोललात त्याचा मला राग नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुन्हा बोलावलं. पुस्तिका उघडी होती, एका ओळीखाली लाल रेघ. चेहरा उजळलेला. “सापडलं,” म्हणाले. “हे बघ, कट-ऑफ. बॅटरी तीन पॉइंट एकच्या खाली गेली की यंत्र बंद पडतं. म्हणजे बॅटरीत दम असतो, पण हे शहाणं यंत्र देत नाही. याला अडीचवर आण. जुने दोन्ही सेल घाल, वॅट पुन्हा ऐंशीला. खलास.”

मी म्हणालो, “साहेब, ते बंद पडतंय ते आपल्या भल्यासाठी. ते प्रोटेक्शन आहे.”

“मला ठाऊक आहे ते काय आहे.”

“मग ते बायपास कसं करू?”

साहेबांनी खण उघडला, माझा रजेचा अर्ज वर काढून टेबलावर ठेवला (नवा, पाडव्याचा) आणि पेन त्याच्यावर आडवं ठेवलं. नंबर बदलायला तीनदा बटण आणि दोनदा खाली, एवढंच काम. अर्धं मिनिट. पलीकडे माझ्या पोरीचा साखरपुडा.

मी खोटं सांगणार नाही, आण्णा. माझा अंगठा बटणावर गेला होता. दोनदा दाबलंही होतं. मग मला ते फाटलेलं वेष्टण दिसलं. अंगठ्याएवढा सेल आहे, पण मी असा एक फुटताना बघितलाय, एका बंगाली माणसाच्या टॉर्चमध्ये. त्याची दोन बोटं गेली. हा माणूस हे यंत्र तोंडापाशी धरतो. मी डबी खाली ठेवली आणि म्हणालो, “साहेब, रोज सकाळी तुम्हीच सांगता. मी नाही करणार. वाटल्यास दुसऱ्या कुणाला सांगा.” दोन्ही जुने सेल कागदात वेगवेगळे गुंडाळून दिले, हे खिशात सुटे ठेवू नका, किल्लीबरोबर तर अजिबात नको, असं दोनदा सांगितलं आणि बाहेर आलो. माझ्यामागे खण जोरात बंद झाला. मजा बघा, ‘जो बायपास करेगा वो घर नहीं जाएगा’ असं सहाशे जणांना सांगतात, आणि मी केलं नाही म्हणून माझं घरी जाणं थांबलं.

बाहेर एकवीस जणांना सांगितलं. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. पण त्या दिवशी जेवायला माझ्या शेजारी फक्त मुनाफ बसला.

आता सोळा ऑक्टोबरचं सांगतो, मग संपवतो. त्या सकाळी वर्ल्ड कपच्या तयारीची पाहणी करायला मोठी मंडळी आली होती. पांढरे स्वच्छ पोशाख, मागे सूटवाले, फोटो काढणारे. आम्ही सहाशे जण ओळीत. साहेबांनी सकाळच्या भाषणाचा विषय निवडला होता ‘बॅटरी चार्जिंगमधली सुरक्षा’. (माझ्याशी झालेल्या भांडणानंतर त्यांनी या विषयावर पुष्कळ वाचलं असावं.) इस्त्रीचं रिफ्लेक्टर जॅकेट, त्याच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा. मी पुढच्या रांगेत होतो. साहेब म्हणत होते, “नेव्हर कॅरी अ लूज बॅटरी इन युअर पॉकेट,” आणि त्यांच्या डाव्या खिशातून धुराची बारीक रेघ वर यायला लागली.

पहिल्यांदा मला वाटलं, यंत्र दुरुस्त झालं. मग वास आला. आंब्याचा नव्हता.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. धावलो, आणि साहेबांच्या जॅकेटची पुढची वेल्क्रोची पट्टी दोन्ही हातांनी फर्रकन फाडली. जॅकेट त्यांच्या अंगातून ओढून काढलं आणि पंधरा पावलांवर मोकळ्या रेतीत फेकलं. तोवर खिशातून शिट्टीसारखा आवाज आणि ज्वाळा. मुनाफ लाल बादलीतली रेती घेऊन धावला. एक बादली, दोन बादल्या. सगळं दहा सेकंदांत. साहेब शर्टात उभे, चेहरा पांढरा, हातात माइक. मी मनात म्हटलं, संपलं. त्यांची नोकरी, माझी नोकरी, आणि बंदी घातलेलं यंत्र रेतीतून वर निघालं तर आणखी काय काय.

आणि पाहुण्यांतल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनी. मग आमच्या सहाशेंनी (आम्ही पाहुणे करतील ते करायचं, असं सांगितलेलंच होतं). ते गृहस्थ पुढे आले, साहेबांचा हात हातात घेऊन म्हणाले की इतकं जिवंत प्रात्यक्षिक आम्ही कुठल्याही साइटवर बघितलं नाही. आणि ही माणसं किती वेळेवर धावली, किती सराव केला असेल! साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. साहेब म्हणाले, “थँक यू, सर. वुई प्रॅक्टिस डेली.”

नंतर कळलं ते असं. यंत्र केबिनमध्येच होतं. साहेबांनी माझ्यामागे कट-ऑफ स्वतः अडीचवर आणला होता, दोन दिवस धूर काढला, मग ते कायमचं बंद पडलं. त्यांनी रागानं सेल काढून खिशात टाकले, कागद कधीच गेला होता. फाटकं वेष्टण आणि किल्ल्या यांची गाठ पडली. साहेबांच्या बरगडीपाशी रुपयाएवढा डाग पडलाय. थोडक्यात निभावलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी साहेबांनी बोलावलं. दार लावलं नाही. बावीसच्या बावीस अर्ज टेबलावर होते आणि सगळ्यांवर सही होती. साहेबांनी ते माझ्याकडे सरकवले. मग म्हणाले, “नीताला मी सांगितलं सगळं. यंत्रसुद्धा तिच्याच हातात दिलं.” आणि थांबून, “तू नाही म्हणालास, त्या दिवशी मला तुझा फार राग आला होता रे.” मी म्हणालो, दिसत होतं साहेब. ते हसले. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच.

आता आपण म्हणाल, सही सतराला झाली, पाडवा अठ्ठावीसला, मग केरबा कुठे होता? तेच तर. वरून हुकूम आला की हे प्रात्यक्षिक कंपनीच्या इतर साइटवरही झालं पाहिजे. रास लफानला, दुखानला आणि दोहात आणखी दोन ठिकाणी. आणि त्यासाठी जॅकेट फाडणारा माणूस पाहिजे. मग वीस तारखेपासून परवापर्यंत मी बसनं हिंडत होतो. आता खरा सेल वापरत नाही. धुराचे डिटेक्टर तपासायच्या गोळ्या असतात, त्यातली एक जॅकेटच्या खिशात डबीत पेटवून ठेवतो. साहेब बोलतात, धूर निघतो, मी धावतो. दुखानला वेल्क्रो अडकली आणि मी साहेबांना जॅकेटसकट आठ पावलं ओढत नेलं. तिथे सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. हुकूम म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाचं काय चालणार, आण्णा? पाडव्याला आपल्या दारात दुसऱ्यांदा मांडव पडला तेव्हा मी रास लफानला गॅस प्लँटच्या गेटबाहेर नवं जॅकेट चढवत होतो.

आता सतरा नोव्हेंबरची तारीख आपण धरली आहे असं मुक्ता म्हणाली. माझं चौदाचं तिकीट हातात आहे. यावेळी चुकणार नाही. निपाणीकरांना सांगा, बाप आहे, खरा आहे, हातीपायी धड आहे. घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे. मुक्ताला सांगा, तिनं मागितलेला मिक्सर घेतलाय, रंग लालच आहे. राग ओसरला असेल तर दोन ओळी लिहा, नसेल तर चार लिहा.

आपला आज्ञाधारक,
केरबा

ता. क. १ – हे पत्र आणणाऱ्या मुनाफला जेवल्याशिवाय सोडू नका. जॅकेट त्यानं फाडलं आणि रेती मी टाकली, असं तो सांगेल. ऐकून घ्या. मला कंपनीचं प्रशस्तिपत्रक मिळालं असंही सांगेल. मिळालं, पण त्यावर नाव प्रतापसाहेबांचं आहे.

ता. क. २ – साहेबांनी तेही यंत्र सोडून पंधरा दिवस झाले. लवंग चघळतात. सकाळचं भाषण आता पन्नास मिनिटं चालतं. म्हणजे तो राग यंत्राचा नव्हताच, स्वभावाचा होता, असं आमचं सगळ्यांचं मत पडलं आहे.

ता. क. ३ – मुक्ताला पत्र वाचून दाखवाल तेव्हा वरच्या साहेबांच्या लवंगेपाशी थांबा. पुढचं आपल्या एकट्यासाठी.

आण्णा, हुकूम आला हे खरं, पण तो माझ्यासाठी आला नव्हता. साहेब म्हणाले होते, “तुझी मुलगी वाट बघतेय, तू जा. मुनाफ करेल हे.” मुनाफ तयारही होता. मीच हात वर केला. मुनाफची रजाही त्यामुळे वाचली, पण ते कारण नव्हे.

सही झाली त्या गुरुवारी दुपारी मी आनंदानं घरी फोन लावला. बबीतानं उचलला. मी म्हणालो, रजा मिळाली, पाडव्याला येतोय. मग तिनं विचारलं, “आप्पा, तुम्ही नाही आलात तर साखरपुडा होत नाही ना?” मला वाटलं पोरीला धास्ती वाटतेय. मी म्हणालो, बापाशिवाय कसा होईल बाळ, म्हणून तर येतोय.

ती म्हणाली, “मग येऊ नका.”

दोन वर्षांत मी घरी गेलेलो नाही, आण्णा. ते ऐकून मी पॅनलरूमच्या पायरीवर बसलो. तिची नर्सिंगची शेवटची परीक्षा डिसेंबरात आहे. निपाणीकर लग्न जानेवारीत म्हणतात आणि नोकरी नको म्हणतात. मुलगा तिला आवडत नाही असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही. तिच्या आईला तिनं सांगून बघितलं, आई म्हणाली मामांनी शब्द दिलाय. मामांना सांगायची तिची छाती नाही. खरं सांगू का, माझीही नव्हती. म्हणून मी दहा दिवस जॅकेटं फाडत हिंडलो आणि सगळं बॅटरीवर ढकललं.

स्थळ आपण आणलंत, चांगल्या मनानं आणलंत, हे मी जाणतो. पण सतरा तारखेला मी आलो की मला पाटावर बसावं लागेल, आणि मग विचारायला जागा उरणार नाही. तेव्हा आपणच तिला विचारा. मुक्ता देवळात जाईल तेव्हा, मळ्याच्या वाटेवर, कुठेही. निपाणीकरांना थांबा म्हणायचं झालं तर ते आपल्याच तोंडून त्यांना पटेल, माझ्या नाही. मी तर त्यांच्या दृष्टीनं अजून खरा ठरायचाच आहे.

फक्त एक. ती ‘मामा म्हणतील तसं’ असं म्हणाली, तर ते उत्तर धरू नका. पुन्हा विचारा.